अश्रू खरे, कारण उसने

गेल्या अंकात रिअ‍ॅलिटी शोविषयी दोन ओळी ओझरत्या लिहून गेलो आणि त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. बहुतेक पत्रांतला प्रश्न एकच आहे : पडद्यावर दिसते ते खरे असते की ठरवून केलेले? मी काही वर्षे अशा कार्यक्रमांच्या संकलनाचे काम केले असल्यामुळे उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला पोहोचतो. मात्र त्याच कारणाने माझी साक्ष अगदी निःपक्षपाती मानू नये, हेही आधीच सांगून ठेवतो. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : एकाच घरात कोंडलेल्या स्पर्धकांचा कार्यक्रम आमच्याकडे रोज पाहिला जातो. मी निवृत्त शिक्षक असून हौशी नाटकांत बरीच कामे केली आहेत. त्या घरातील भांडणे पाहताना मला सतत वाटते की संवाद कोणीतरी लिहून दिलेले आहेत. घरातली मंडळी म्हणतात की इतके चांगले रडणे पाठांतराने जमत नाही. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?

उत्तर : घरच्यांचे बरोबर आहे, पण आपला संशयही निराधार नाही, आपण लेखकाला फक्त चुकीच्या जागी शोधत आहात. स्पर्धकांच्या हाती संवादांचे कागद देण्याची सहसा गरज पडत नाही, आणि दिले तरी फारसा उपयोग होत नाही, कारण अभिनयाची सवय नसलेला माणूस पाठ केलेले वाक्य बोलू लागला की पहिल्या शब्दालाच उघडा पडतो, हे रंगभूमीवर वावरलेल्या आपल्याला मी सांगायला नको. लिहिली जातात ती वाक्ये नव्हेत, तर माणसे आणि त्यांची परिस्थिती. टापटिपीचे वेड असलेला एक आणि पसारा घालणारा एक, मनाला लावून घेणारी एक आणि तोंडाने फटकळ एक, अशा जोड्या निवडीच्या वेळीच हेरलेल्या असतात. मग त्यांच्याकडून घड्याळ, फोन आणि वर्तमानपत्र काढून घ्यायचे, झोपण्याची जागा माणसांपेक्षा एकाने कमी ठेवायची, दिवे रात्री उशिरापर्यंत चालू ठेवायचे आणि वाट पाहायची. आठव्या दिवशी उशीवरूनही रडू कोसळते आणि ते रडू अगदी खरे असते. नुरा कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो आणि डाव दिखाऊ असतात. येथे बहुधा उलटे असते, म्हणजे डाव खरे मारले जातात, पण कोणाला कोणासमोर उभे करायचे आणि आखाडा किती निसरडा ठेवायचा याचा विचार आधीच झालेला असतो.

दुसरा लेखक कबुलीच्या खोलीत बसलेला असतो. स्पर्धक एकटाच कॅमेऱ्यासमोर मन मोकळे करतो आहे असे आपल्याला दिसते. प्रत्यक्षात कॅमेऱ्याच्या शेजारी, चौकटीच्या बाहेर, किंवा भिंतीमागून ध्वनिवर्धकावर एक माणूस प्रश्न विचारत असतो. "सकाळी ती तुमच्याविषयी काय बोलली, कल्पना आहे का?" एवढा एक प्रश्न पुरतो. उत्तर देताना प्रश्नातील शब्द आपल्या वाक्यात घ्यावेत अशी सूचना स्पर्धकाला आधीच दिलेली असते, त्यामुळे प्रश्न कापून टाकल्यावर उरते ते आपणहून केलेले निवेदन. बोलविता धनी वेगळाच असतो, पण त्याचा आवाज कधीच ऐकू येत नाही. काही कार्यक्रमांत या मुलाखती प्रसंगानंतर कित्येक दिवसांनी घेतल्या जातात, तेच कपडे पुन्हा घालायला लावले जातात आणि "मी आत्ता दार उघडते आहे आणि मला धक्का बसतो आहे" अशा वर्तमानकाळात बोलायला सांगितले जाते.

तिसरा लेखक म्हणजे संकलनाचे टेबल, आणि माझ्या मते सर्वांत प्रभावी तोच. साधा हिशेब करून पाहा. घरात २० कॅमेरे दिवसरात्र चालू राहिले तर एका दिवसाचे ४८० तासांचे चित्रण साठते आणि त्यातून भाग करायचा तो जेमतेम ४५ मिनिटांचा. दर ६४० मिनिटांमागे एक मिनिट निवडणाऱ्याला खोटे बोलण्याची गरजच पडत नाही. निवडणे पुरेसे असते. ही तक्रार या प्रकाराच्या जन्माइतकीच जुनी आहे. १९७३ साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर 'ॲन अमेरिकन फॅमिली' ही मालिका दाखवली गेली, तिच्यासाठी एका कुटुंबाच्या घरात सुमारे सात महिने चित्रीकरण झाले होते आणि जवळपास ३०० तासांच्या चित्रफितींतून १२ भाग निघाले. पत्नीने पतीला घटस्फोटाचा निर्णय कॅमेऱ्यासमोर सांगितला, तो प्रसंग कोणी लिहिला नव्हता. तरीही प्रक्षेपणानंतर त्या कुटुंबाची तक्रार हीच होती की आमच्या आयुष्यातील आनंदाचे क्षण कापले गेले आणि भांडणे राखली गेली.

या टेबलाशी बसणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी लेखक म्हणत नाहीत, 'स्टोरी एडिटर' किंवा 'क्रिएटिव्ह' म्हणतात. २००६ मध्ये 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल' या कार्यक्रमाच्या कथाविभागातील १२ जणांनी संप केला. त्यांची मागणी अशी होती की आम्ही कार्यक्रमाची कथा रचतो, तेव्हा आम्हाला लेखकांच्या संघटनेचे करार लागू व्हावेत. संप यशस्वी झाला नाही, पण संवादाची एकही ओळ न लिहिणारी माणसे स्वतःला लेखक म्हणवत रस्त्यावर उतरली, यात आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आले.

प्रश्न : एखादा प्रसंग जुळवलेला आहे हे घरबसल्या ओळखण्याच्या काही खुणा आहेत का?

उत्तर : आहेत, मात्र एकदा त्या दिसू लागल्या की कार्यक्रम पूर्वीसारखा पाहता येत नाही, ही किंमत मोजायची तयारी ठेवावी.

पहिली खूण तोंडाची. कोणी काही जहरी बोलत असताना वाक्य त्याच्या चेहऱ्यावर सुरू होते आणि मध्येच पडद्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा, टेबल, खिडकी किंवा पाठमोरी आकृती येते, तेव्हा कान टवकारावेत. त्या क्षणी ओठ दिसत नाहीत, म्हणजे आवाज कोठूनही आणता येतो. सोमवारच्या मुलाखतीतील अर्धे वाक्य आणि गुरुवारच्या मुलाखतीतील अर्धे वाक्य शिवून एक नवे वाक्य तयार करण्याच्या या प्रकाराला धंद्यातले लोक 'फ्रँकनबाइट' म्हणतात. वेगवेगळ्या प्रेतांचे अवयव जोडून उभा केलेला कथेतील राक्षस त्या शब्दामागे आहे. "मला तिचा राग आला नाही" या वाक्यातील शेवटचा एक शब्द काढला की काय उरते ते आपणच पाहा. जोड पकडण्याची युक्ती अशी की डोळे मिटून ऐकावे : वाक्याच्या मध्ये आवाजाची पट्टी एकदम बदलते, श्वास घेण्याची जागा चुकते, किंवा मागचा पंख्याचा आवाज शब्दाबरोबर अचानक थांबतो.

दुसरी खूण निर्जीव वस्तूंची, कारण माणसे गप्प बसवता येतात, वस्तू येत नाहीत. पेल्यातील पाण्याची पातळी भांडणाच्या ओघात खाली जाऊन पुन्हा वर येते; ओले केस पुढच्या दृश्यात कोरडे आणि त्यापुढच्या दृश्यात परत ओले दिसतात; जमिनीवरचा उन्हाचा पट्टा दोन वाक्यांच्या दरम्यान भिंतीवर चढलेला असतो. असे दिसले की दोन वेगळ्या वेळा एकमेकींना चिकटवल्या आहेत असे समजावे. घरातून घड्याळे काढून टाकण्यामागे स्पर्धकांना भ्रमात ठेवण्याचा हेतू असतोच, पण संकलकाची सोयही असते.

तिसरी गोष्ट खूण नव्हे, कायदा आहे म्हणा ना. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह याने एका नटाचा निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला. समोर सूपचे ताट आले की लोकांना त्या चेहऱ्यावर भूक दिसे, शवपेटी आली की शोक दिसे, आणि चेहरा मात्र प्रत्येक वेळी तोच होता. रिअ‍ॅलिटी शोमधील निम्मे मत्सर आणि बरेचसे प्रेम या पद्धतीने जन्माला आलेले असते. नुसता क्रम उलटा केला तरी काय होते याचे उदाहरण २००७ साली बीबीसीने घालून दिले. ब्रिटनच्या राणीवरील एका माहितीपटाच्या जाहिरात-झलकेत राणी छायाचित्रणाच्या खोलीतून रागारागाने निघून जाते असे दिसत होते. प्रत्यक्षात ती दृश्ये राणी छायाचित्रणासाठी येत असतानाची होती आणि क्रम उलटा लावला गेला होता. एकही चौकट बनावट नव्हती, तरीही बीबीसी वनच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. तो रिअ‍ॅलिटी शो नव्हता आणि बाई राणी होत्या, म्हणून एवढे झाले. साध्या स्पर्धकाच्या बाबतीत हेच रोज घडते आणि कोणी राजीनामा देत नाही.

प्रश्न : गाण्याच्या स्पर्धांमध्ये परीक्षक प्रत्येकाचे कौतुक करताना दिसतात. निकाल तरी प्रामाणिक असतो का? मतदानावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. कौतुक हा कार्यक्रमाच्या सजावटीचा भाग असतो. २०२१ मध्ये 'इंडियन आयडल'च्या किशोरकुमार विशेष भागानंतर गायक अमितकुमार यांनी उघडपणे सांगितले की सर्वांचे कौतुक करा असे मला सांगण्यात आले होते, आणि मी ते केले. त्यावर गदारोळ झाला, पण धंद्यातील कोणाला आश्चर्य वाटले असेल असे मला वाटत नाही.

निकालाचा इतिहास मात्र गंभीर आहे. १९५६ साली अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' नावाची प्रश्नमंजूषा सुरू झाली. तिचा विजेता हर्बर्ट स्टेंपेल प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटू लागला, तेव्हा त्याच्यासमोर चार्ल्स व्हॅन डोरेन हा देखणा, उच्चशिक्षित प्राध्यापक आणला गेला आणि स्टेंपेलला हरायला सांगण्यात आले. आदल्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर कोणाला, या प्रश्नाचे उत्तर त्याला ठाऊक होते, इतकेच नव्हे तर तो चित्रपट त्याच्या विशेष आवडीचा होता. तरी त्याला ठरल्याप्रमाणे चुकीचे नाव सांगावे लागले. कपाळावरचा घाम पुसायचा नाही, हलकेच टिपायचा, हेही त्याला शिकवलेले होते. व्हॅन डोरेनला उत्तरे आधी मिळत होती आणि त्याने १९५९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे तशी कबुली दिली. विशेष म्हणजे हा सगळा बनाव त्या वेळी गुन्हाच नव्हता. १९६० मध्ये अमेरिकेने कायदा करून ज्ञानाच्या आणि कौशल्याच्या प्रक्षेपित स्पर्धांचा निकाल आधी ठरवणे बेकायदा केले.

तेव्हापासून अमेरिकी निर्माते स्पर्धेच्या निकालाला हात लावताना बिचकतात आणि हात लावायचा असेल तर तशी पळवाट नियमावलीतच ठेवतात. 'प्रोजेक्ट रनवे' या वेशभूषाकारांच्या स्पर्धेच्या श्रेयनामावलीत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की विजेता आणि बाद होणारा स्पर्धक यांचा निर्णय परीक्षकांनी निर्मात्यांशी विचारविनिमय करून घेतला आहे. भाग संपताना धावत जाणारी ती ओळ कोणी वाचत नाही, पण सबंध कार्यक्रमातील सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच असते.

मतदानाविषयी एवढेच सांगतो. प्रत्येक स्पर्धकाला पडलेल्या मतांचे आकडे जाहीर होत असतील आणि मोजणी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडे असेल, तर विश्वास ठेवायला आधार आहे. तसे नसेल तर मत देणे हा आपल्या आवडीचा उद्गार समजावा, त्याला निवडणूक समजू नये. ब्रिटनमधील जीएमटीव्ही या वाहिनीला २००७ मध्ये नियामक संस्था ऑफकॉमने २० लाख पौंडांचा दंड केला, तो फोनवरील स्पर्धांसाठी होता : फोन घेणे चालू असतानाच विजेत्यांची निवड उरकली जात होती आणि नंतर फोन करणारे पैसे भरून हरलेल्या डावात उतरत होते. रिअ‍ॅलिटी शोचे मतदान वेगळे असते हे खरे, पण फोन त्याच यंत्रणेकडे जातात.

प्रश्न : खोटे पकडणाऱ्या यंत्रासमोर लोकांना बसवतात, त्या निकालांना काही अर्थ असतो का?

उत्तर : ते यंत्र खोटे पकडत नाही, ते नाडी, श्वास, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम यांतील बदल मोजते, आणि दिव्यांच्या झोतात शेकडो लोकांसमोर बसलेल्या माणसाला खरे बोलतानाही घाम फुटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मधील अहवालात या तंत्राचा शास्त्रीय पाया दुबळा असल्याचे म्हटले आहे. नाट्यासाठी यंत्र उत्तम आहे.

प्रश्न : जंगलात एकट्याने तग धरण्याचे कार्यक्रम आणि घर निवडण्याचे कार्यक्रम मी आवडीने पाहते. त्यांतही बनाव असतो असे वाचले आणि फार वाईट वाटले. थोडीफार पुनर्रचना केली तर तीही फसवणूकच का?

उत्तर : सरसकट नाही. माणूस दारातून आत आला तेव्हा कॅमेरा आत नव्हता, म्हणून त्याला पुन्हा एकदा आत यायला सांगितले, यात मला काही वावगे वाटत नाही. 'सर्व्हायव्हर' या तग धरण्याच्या अमेरिकी स्पर्धेचे निर्माते मार्क बर्नेट यांनी २००१ मध्ये मान्य केले होते की आकाशातून घेतलेल्या काही दृश्यांसाठी स्पर्धकांऐवजी त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांकडून प्रसंग पुन्हा करून घेतले. स्पर्धा कोणी जिंकली यात त्यामुळे फरक पडला नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

पण तग धरण्याच्या कार्यक्रमात तग धरणे हाच मुद्दा असतो. बेअर ग्रिल्स यांच्या कार्यक्रमाच्या चित्रीकरणादरम्यान ते काही रात्री हॉटेलात राहिले होते, हे २००७ मध्ये बाहेर आले आणि त्यानंतर डिस्कव्हरी वाहिनीला पडद्यावर सूचना द्यावी लागली की काही परिस्थिती मुद्दाम निर्माण केलेल्या आहेत आणि पथक मदतीला असते. सूचना दिल्यानंतरही लोक कार्यक्रम पाहतच राहिले, म्हणजे ती सुरुवातीपासून दिली असती तरी चालले असते. 'हाऊस हंटर्स' या अमेरिकी कार्यक्रमात भाग घेतलेल्या एका बाईंनी २०१२ मध्ये सांगितले की त्यांची निवड झाली ती घराचा व्यवहार ठरल्यावरच, आणि 'पाहून नाकारलेली' म्हणून दाखवलेली घरे विक्रीला नव्हतीच. ती त्यांच्या मित्रमंडळींची होती आणि त्या बिचाऱ्यांनी चित्रीकरणासाठी दिवसच्या दिवस खपून ती झाडूनपुसून ठेवली होती. मला त्या मित्रांची गंमत वाटते : स्वतःचे घर घासूनपुसून लख्ख करायचे, आणि ते का नापसंत झाले हे दूरचित्रवाणीवर ऐकायचे.

यामागे दुष्टावा क्वचितच असतो, वेळापत्रक असते. खरे घर शोधायला सहा महिने लागू शकतात आणि चित्रीकरणाला दिवस मिळतात मोजके. माहितीपटांचा पाया घालणारा म्हणून गौरवला गेलेला १९२२ चा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट कुटुंबावरचा मूकपटही याला अपवाद नव्हता. दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या अवजड कॅमेऱ्याला बर्फाच्या घरात पुरेसा उजेड मिळेना, म्हणून एक बाजू उघडी असलेले अर्धेच घर बांधले गेले आणि कुटुंब त्यात उघड्या थंडीत झोपल्याचे दाखवले गेले. नानूक म्हणून दिसणाऱ्या माणसाचे खरे नाव अल्लाकारिअल्लाक होते, आणि त्याचे लोक तोवर बंदुका वापरू लागलेले असूनही शिकार भाल्याने करून दाखवण्यात आली. अर्धे घर मी माफ करीन. भाल्याचे मला जड जाते, कारण तेथे एका जिवंत समाजाला त्याच्या आजोबांचा वेश चढवून तोच त्याचा आजचा चेहरा म्हणून जगाला विकला गेला.

प्रश्न : माझ्या भाचीची एका शोच्या दुसऱ्या फेरीसाठी निवड झाली आहे. ती हुरळून गेली आहे आणि करार न वाचता सही करायला निघाली आहे. मामा म्हणून तिला काय सांगू?

उत्तर : जाऊ नकोस, असे सांगू नका, ती ऐकणार नाही आणि सही आपल्या अपरोक्ष करील. करार वकिलाकडून वाचून घ्यायला लावा आणि तिने स्वतः चार कलमे बोट ठेवून शोधावीत : तिचे चित्रण कसेही कापण्या-जोडण्याचा अधिकार, तिच्याविषयी बदनामीकारक किंवा काल्पनिक गोष्ट दाखवली तरी दावा न करण्याची कबुली, बाहेर बोलल्यास होणारा दंड, आणि मध्येच सोडून यायचे झाल्यास काय, याचे उत्तर. पहिली दोन कलमे बहुधा बदलून मिळणार नाहीत. मिळवता येण्यासारखी गोष्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाची मदत, आणि तीही कार्यक्रम चालू असतानापेक्षा प्रक्षेपणाच्या काळात, कारण खरा मार तेव्हा बसतो. ब्रिटनमध्ये ऑफकॉमने एप्रिल २०२१ पासून सहभागी व्यक्तींच्या हिताची काळजी घेणे वाहिन्यांना बंधनकारक केले, त्याआधी २०१९ मध्ये 'द जेरेमी काइल शो' हा लोकांची घरगुती भांडणे पडद्यावर मांडणारा कार्यक्रम एका पाहुण्याच्या मृत्यूनंतर कायमचा बंद करावा लागला होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्स येथे, 'हाऊस रूल्स' या घरे नव्याने सजवण्याच्या स्पर्धेतील एका स्पर्धक स्त्रीने आपल्याला गुंड प्रवृत्तीची म्हणून रंगवले गेल्यामुळे मानसिक इजा झाल्याचा दावा केला. ती वाहिनीची कामगार नव्हतीच असे वाहिनीचे म्हणणे होते, ते कामगार भरपाई आयोगाने फेटाळले. स्पर्धक हौसेने आलेला पाहुणा की काम करणारा माणूस, हा प्रश्न तेथे निदान एकदा तरी नीट विचारला गेला.

आता भाचीसाठी थोडे कारागिरीचे. मुलाखतीत 'तो', 'ती' असे म्हणू नये, नाव घ्यावे. 'ती खोटारडी आहे' हे वाक्य घरातील कोणत्याही मुलीच्या चित्रावर चिकटवता येते, नाव असलेले वाक्य येत नाही. कारण आणि परिणाम एकाच दमात, एकाच वाक्यात सांगावेत, म्हणजे कात्रीला जागा सापडत नाही. विचारणाऱ्याने सुचवलेला शब्द आपल्या तोंडून जाऊ देऊ नये, तो कितीही निरुपद्रवी वाटो. आणि बोलून झाल्यावर उगाच उसासा टाकू नये किंवा डोळे फिरवू नयेत. तो उसासा कोठे वापरला जाईल हे तो टाकणाऱ्याला कधीच कळत नाही.

प्रश्न : आमच्या पिढीला ठाऊकच आहे की हे सगळे रचलेले असते, तरी आम्ही मजेने पाहतो. मग फसवले कोण जाते?

उत्तर : आपण नाही, हे मान्य. २०१० मध्ये 'द हिल्स' या अमेरिकी रिअ‍ॅलिटी शोच्या शेवटच्या दृश्यात कॅमेरा मागे मागे येत गेला आणि नायकाच्या पाठीमागचे टेकडीचे चित्र चाकांवर ढकलून नेले गेले, तेव्हा प्रेक्षक हसले आणि टाळ्या वाजवून मोकळे झाले. पण आपण ज्याला 'रचलेले' म्हणता ते रचण्यासाठी कोणाचे तरी खरे नाव आणि खरा चेहरा वापरलेला असतो. २००५ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने काही तरुणांना रशियात अंतराळवीराचे प्रशिक्षण देत असल्याचे भासवले आणि मग पृथ्वीभोवती फिरवून आणल्याचेही. ते सगळे इंग्लंडमधल्याच सफक परगण्यातील एका जुन्या विमानतळावर होते, आणि सोबतच्यांपैकी काही जण नट होते. प्रेक्षकांना पहिल्या दिवसापासून सर्व ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त त्या तरुणांना. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनाच विचारायला हवे.

प्रश्न : आपण स्वतः संकलनाच्या खोलीत बसला होतात, असे लिहिता. आपण कधी खोटे जुळवले आहे का?

उत्तर : हा प्रश्न तीन पत्रांत होता, म्हणून टाळत नाही.

एका कार्यक्रमात दोन मुली होत्या, एकमेकींशी बऱ्यापैकी गोडीने राहणाऱ्या. भाग पूर्ण करायला आठ-दहा सेकंद कमी पडत होते आणि कथा पुढे सरकत नव्हती. मला एका मुलीचे एक दृश्य सापडले : ती डोळे बारीक करून, ओठ मुडपून, वर एका बाजूला पाहते आहे. मूळ चित्रणात ती भिंतीवरच्या पालीकडे पाहत होती. पाल पुढे सरकते की मागे, या भीतीने तिचा चेहरा तसा झाला होता. मी ते दृश्य दुसरी मुलगी आपल्या आजारी आईविषयी बोलत होती त्या प्रसंगात बसवले, खाली तंतुवाद्याचा एक लांब स्वर सोडला, आणि ते इतके चपखल बसले की खोलीतल्या सगळ्यांनी मान डोलावली. भाग गेला. तिला काय काय ऐकावे लागले हे मी येथे लिहीत नाही.

कार्यक्रम संपल्यावर झालेल्या छोट्या समारंभात ती मला भेटली. मी कोण, हे तिला माहीत नव्हते. संकलन विभागातला, एवढेच कोणीतरी सांगितले असावे. तिने भांडण केले नाही. ती म्हणाली, "दादा, तो भाग मी चार वेळा पाहिला. ती आईविषयी बोलत होती तेव्हा मी रडत होते असे मला आठवते. मग मी तिच्याकडे असे का पाहिले असेल?"

पालीचे मी तिला सांगितले नाही. म्हणालो, "दमणुकीत होते असे कधीकधी." तिने मान हलवली आणि ते खरे मानले.